सर्व्हरचे कान कुणाच्या हुकमात?

नव्या संस्थेच्या नेटवर्कचे काम हाती घेतले की पहिल्याच बैठकीत मी एक प्रश्न विचारते. तुमच्या सर्व्हरवर पॅकेट कॅप्चर करता येते का, आणि येत असेल तर ते कुणी ठरवले? यावर मॅनेजर संगणक सांभाळणाऱ्या पोराकडे बघतात, पोरगा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडे बघतो आणि कंपनीचा माणूस मोबाइलकडे. एका पतसंस्थेचे मॅनेजर तर छातीठोकपणे म्हणाले, "हाय की मॅडम. सोळा कॅमेरे बसवल्यात."

सातारा, कऱ्हाड, वाई या पट्ट्यातल्या काही पतसंस्था, दोन खासगी रुग्णालये आणि एक शिक्षणसंस्था यांची नेटवर्क मी सांभाळते. प्रत्येक ठिकाणी लिनक्सवर चालणारा निदान एक सर्व्हर आहे. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात, येणारे-जाणारे पॅकेट उतरवून घेण्याची सोय आधीपासून भरलेली आहे. संस्थेने ती मागितली नव्हती आणि नाकारलीही नव्हती. डिस्ट्रिब्यूशन बनवणाऱ्यांनी ती चालू ठेवली, पुरवठादाराने तशीच बसवली आणि त्या यंत्रावर आता सभासदांची खाती किंवा रुग्णांचे रिपोर्ट आहेत. ही सोय वाईट आहे, असे मी म्हणत नाही. माझे अर्धे पोट तिच्यावर चालते. पण कोणत्या यंत्राला कान द्यायचे आणि कोणत्याला नाही, हे संस्थेने स्वतः ठरवावे आणि प्रोसिडिंगमध्ये लिहावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी थोडी यंत्रातली गोष्ट. नेटवर्क कार्डाच्या तारेवर जे येते त्यातले आपल्या पत्त्याचे आणि सगळ्यांना उद्देशून आलेले तेवढे कार्ड आत घेते, बाकीचे सोडून देते. त्याला प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये टाकले की ते समोर येईल ते सगळे आत घेते. पुढे कर्नल प्रत्येक पॅकेट ज्या प्रोग्रॅमचे त्याला पोहोचवतो. ब्राउझरचे ब्राउझरला, डेटाबेसचे डेटाबेसला. कॅप्चरची सोय असेल तर या वाटपाच्या आधीच कर्नल त्याची एक प्रत काढतो आणि मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या हातात ठेवतो. टीसीपीडम्प किंवा वायरशार्क उतरवून घेतले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. ती साधने फक्त वाचून दाखवतात. उतरवून देणारा कर्नल असतो, आणि त्याच्या बांधणीतच ती सोय नसेल तर रूटचा पासवर्ड हातात असूनही काही चालत नाही.

मी हे शिकले ते 1990च्या दशकाच्या अखेरीला, पुण्यात, फ्रीबीएसडीवर. तेव्हा कर्नल स्वतः बांधायची पद्धत होती. जेनेरिक नावाची कॉन्फिगरेशन फाइल असायची. तिची प्रत काढायची, आपल्या यंत्राचे नाव द्यायचे आणि ओळ न् ओळ वाचत जायचे. हे कार्ड आपल्याकडे नाही, काढा. ही फाइल सिस्टम लागत नाही, काढा. त्यात एक ओळ असायची : स्यूडो-डिव्हाइस बीपीफिल्टर, आणि पुढे एक आकडा. मी 4 हा आकडा पाहिल्याचे आठवते. तो आकडा सांगे की एका वेळी किती प्रोग्रॅमना पॅकेट ऐकता येतील. त्यानंतर कॉन्फिग, मेक डिपेंड, मेक, मग पेन्टियम यंत्र घरघरत बसायचे आणि आम्ही खाली टपरीवर. परत आल्यावर नवा कर्नल बसवायचा आणि यंत्र रीबूट करायचे. ती ओळ फाइलीत नसली तर टीसीपीडम्प चालवल्यावर यंत्र स्पष्ट सांगे की हे डिव्हाइस कॉन्फिगर केलेले नाही.

या खटाटोपात एक फायदा आपसूक होता आणि तो आम्हाला तेव्हा कळला नाही. कान बसवायचे तर कर्नल नव्याने बांधून सर्व्हर बंद-चालू करावा लागे. सर्व्हर बंद पडला की सगळ्या मजल्यावर बोंब व्हायची. म्हणजे गुपचूप काही करायची सोयच नव्हती. वरिष्ठाला विचारावे लागे, कारण सांगावे लागे. फ्रीबीएसडीच्या जेनेरिक फाइलीत त्या ओळीशेजारी अजूनही एक सावधगिरीची टीप आहे : हे चालू केल्याचे प्रशासकीय परिणाम ध्यानात घ्या. प्रशासकीय! ही फाइल अभियंत्यांनी अभियंत्यांसाठी लिहिलेली, आणि तीत त्यांनी कारभाराची आठवण करून दिली आहे.

ती टीप फुकाची नाही. 3 फेब्रुवारी 1994 रोजी अमेरिकेतल्या सर्ट संस्थेने एक इशारा प्रसिद्ध केला. इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांचे पासवर्ड चोरीला गेले होते. चोरांची पद्धत साधी होती. सनओएस चालणाऱ्या एखाद्या यंत्रात घुसायचे, त्याच्या कर्नलमधली नेटवर्क इंटरफेस टॅप ही सोय वापरायची, कार्ड प्रॉमिस्क्युअस करायचे आणि टेलनेट, एफटीपी, आरलॉगिनने कुणी नवे कनेक्शन जोडले की त्याची सुरुवात टिपून घ्यायची. नाव आणि पासवर्ड सुरुवातीलाच येतात आणि त्या काळी ते उघडेच जात. सर्टने सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगितले, आणि जिथे या सोयीची गरज नाही तिथे ती बंद करा असेही सांगितले. प्रॉमिस्क्युअस झालेले कार्ड ओळखणारा एक छोटा प्रोग्रॅमही त्यांनी दिला.

बर्कलेचे बीपीएफ, म्हणजे बर्कले पॅकेट फिल्टर, वरच्या ओळीतला तोच बीपीफिल्टर, त्याच सुमाराचे. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतल्या स्टीव्हन मॅककॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी 1992च्या डिसेंबरात त्यावरचा निबंध लिहिला, तो पुढच्या वर्षी युसनिक्सच्या हिवाळी परिषदेत आला. त्यांची कल्पना अशी की कर्नलमध्येच एक चिमुकले आज्ञायंत्र बसवायचे. वापरणाऱ्याने सांगायचे, मला अमुक पत्त्याचे अमुक पोर्टचे पॅकेट हवे. कर्नल आल्या पॅकेटवर ती चाळणी तिथल्या तिथे लावतो, नको ते प्रत न काढताच सोडतो. प्रत काढणे हेच महाग काम, त्यामुळे सनच्या टॅपपेक्षा ही रीत त्याच यंत्रावर शंभर पटींपर्यंत वेगवान ठरल्याचे त्यांनी दाखवले. मला या कामाबद्दल फार आदर आहे. एका गोष्टीकडे मात्र बोट दाखवते. जुन्या टीसीपीडम्पमध्ये काही न सांगता कॅप्चर केले तर प्रत्येक पॅकेटचे पहिले 68 बाइट तेवढे उतरत. म्हणजे पत्ते आणि शीर्षभाग. मजकूर जवळजवळ नाही. आजच्या टीसीपीडम्पमध्ये काही न सांगता ही मर्यादा 2,62,144 बाइटची आहे, म्हणजे व्यवहारात अख्खे पॅकेट. डिस्क स्वस्त झाली, सोय वाढली, आणि न विचारता मिळणारे उत्तर "शीर्षभाग"वरून "सगळे" असे होऊन बसले. हे कुणी कपटाने केले नाही. अर्धवट कॅप्चर घेऊन वैतागलेल्या लोकांनीच मागितले असणार. पण झाले ते झाले.

कर्नलचेही तसेच झाले. लिनक्सच्या कर्नलमध्ये कॉन्फिग पॅकेट नावाचा पर्याय असतो. मेनूकॉन्फिगच्या निळ्या पडद्यावर नेटवर्किंगच्या मेनूत पॅकेट सॉकेट म्हणून तो दिसतो. आज डेबियन घ्या, उबुंटू घ्या, तो चालूच असतो, आणि तो तसा असण्याला सबळ कारण आहे. डीएचसीपीने पत्ता मागायचा तर यंत्राकडे तेव्हा स्वतःचा पत्ताच नसतो, म्हणून नेहमीच्या मार्गाने बोलता येत नाही. कच्चे पॅकेट पाठवावे आणि ऐकावे लागते. फ्रीबीएसडीच्या त्याच टिपेत पुढे हेही लिहिले आहे की डीएचसीपीसाठी हे लागते. मोठ्या उत्साहाने ती सोय काढून टाकणाऱ्या माणसाचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वायफायवर पत्ता मागत ताटकळत बसतो, आणि त्याचे कारण त्याला लवकर सापडत नाही. त्यामुळे लाखो लोकांच्या लाखो यंत्रांसाठी एकच कर्नल बांधणाऱ्याने ती चालू ठेवली, यात त्याची चूक नाही. पण पतसंस्थेचा सर्व्हर हा लाखातला कुणी एक नाही. त्याचा पत्ता ठरावीक आहे, कार्ड ठरावीक आहे, आणि पाच वर्षे तो एकाच कपाटात राहणार आहे. त्याला डीएचसीपी लागत नाही.

इथे हमखास एक आक्षेप येतो : आता तर सगळे एन्क्रिप्टेड असते, ऐकून ऐकून काय मिळणार? असे म्हणणाऱ्यांनी एकदा एखाद्या लहान रुग्णालयाच्या आतल्या नेटवर्कवर माझ्याबरोबर बसावे. बँकेचे संकेतस्थळ एन्क्रिप्टेड आहे, मान्य. पण पॅथॉलॉजीच्या यंत्राकडून संगणकात येणारा निकाल उघडा येतो. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचा पासवर्ड उघडा जातो. जुन्या स्विचचे टेलनेट अजून चालू असते. प्रिंटरकडे निघालेला डिस्चार्ज समरीचा कागद जसाच्या तसा तारेवरून जातो. आणि जिथे मजकूर झाकलेला असतो तिथेही कोण कुणाशी, किती वाजता, किती वेळ बोलले हे दिसतेच. डॉक्टरांच्या खोलीतून कोणत्या संकेतस्थळांच्या नावांची विचारणा होते, हे डीएनएसच्या पॅकेटवरून कळते. एका रुग्णालयात मी हे तिथल्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आधी केबिनचे दार लावले आणि मग विचारले, "हे आमच्या रिसेप्शनच्या संगणकावरून पण दिसतं?" स्विच असल्यामुळे सहसा दिसत नाही, असे मी सांगितले. हबच्या काळी दिसायचे. पण सर्व्हरवर बसलेल्याला दिसते, कारण सगळे सर्व्हरकडेच येत असते.

दुसरा मुद्दा अलीकडचा आणि जास्त गंभीर आहे. 2022 साली बीपीएफडोअर नावाच्या घातक प्रोग्रॅमची माहिती बाहेर आली. तो लिनक्स यंत्रात शिरल्यावर कोणतेही पोर्ट उघडत नाही, त्यामुळे पोर्ट तपासणाऱ्याला काही सापडत नाही. तो फक्त पॅकेट सॉकेट उघडतो, त्यावर बीपीएफची चाळणी लावतो आणि एका ठरावीक खुणेच्या पॅकेटची वाट बघत पडून राहतो. ती खूण असलेले पॅकेट आले की मालकाला दार उघडतो. मेख अशी की कॅप्चरची प्रत फायरवॉलच्या नियमांच्या आधी निघते. यंत्रावरच्या फायरवॉलने ते पॅकेट नाकारले तरी बीपीएफडोअरने ते आधीच ऐकलेले असते. त्याला कार्ड प्रॉमिस्क्युअस करण्याचीही गरज नाही, कारण पॅकेट त्याच यंत्राच्या पत्त्यावर आलेले असते. म्हणजे 1994च्या तपासणीतून तो अलगद निसटतो. दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉम या कंपनीतली 2025च्या एप्रिलात मोठी चोरी उघड झाली, सिमशी निगडित सुमारे 2 कोटी 70 लाख नोंदी गेल्या, आणि तपासात सर्व्हरवर बीपीएफडोअरचे अनेक प्रकार सापडले. कंपनीला कोट्यवधी ग्राहकांना सिम बदलून द्यायची तयारी करावी लागली.

आता कुणी म्हणेल, घुसखोराला रूटचे अधिकार मिळाले तर तो काय वाटेल ते करील. कर्नलमधली एक सोय काढून काय साधणार? मोड्युल लोड करायची मुभा ठेवली असेल तर तो ती सोय परत जोडूही शकेल, हे खरे आहे. म्हणून ती मुभाही बंद करायची असते. आणि हे सगळे करूनही तो दुसरी वाट काढील. पण त्याला वाट काढावी लागेल, आवाज होईल, कदाचित यंत्र रीबूट करावे लागेल. सुरक्षेच्या कामात एवढे पुष्कळ असते. आयते मिळणे आणि कष्टाने मिळणे यांत फरक नाही असे मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसऱ्या बाजूलाही मी तितक्याच जोराने बोलते, कारण "पॅकेट कॅप्चर म्हणजे हेरगिरी, सरसकट बंद" असे म्हणणारे संचालकही मला भेटले आहेत. एका पतसंस्थेच्या डोंगराकडच्या शाखेची गोष्ट सांगते. सकाळी लॉगिन व्हायचे, सभासदाचे नाव शोधले की यायचे, पण खातेउतारा मागितला की पडदा तिथेच गोठायचा. सॉफ्टवेअरवाले म्हणत लाइन खराब आहे. लाइनवाले पिंग करून दाखवत, "बघा, एकही पॅकेट पडत नाही." शाखेतल्या कॅशियर ताई दोघांचे फोन एकमेकांना जोडून द्यायच्या आणि स्वतः हाताने पासबुके भरायच्या. काउंटरपुढे शनिवारी बाजाराच्या दिवशी रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण त्यांनाच बोलणार.

मी मुख्य कार्यालयात गेले, सर्व्हरवर कॅप्चर लावायला बसले आणि सर्व्हरने नकार दिला. ही ॲड्रेस फॅमिली इथे चालत नाही, असा संदेश. पुरवठादाराने स्वतः बांधलेला कर्नल होता आणि त्यात पॅकेट सॉकेटच नव्हते. मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले. कुणीतरी कुठेतरी बसून ही फाइल ओळीओळीने वाचली होती. पण मॅनेजरांना विचारले तर त्यांना माहीत नव्हते. पुरवठादाराच्या सपोर्टला फोन केला तर त्यालाही माहीत नव्हते. "तसंच येतं मॅडम ते," एवढेच उत्तर. ज्याने विचार केला तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला असावा. चांगला निर्णयही असा बेवारस असला की कामाच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही : ही सोय नाही तर तिच्याऐवजी कुठे बसून बघायचे, हे सांगणारे कुणी नसते.

मग स्विचचे एक पोर्ट मिररला लावले, म्हणजे सर्व्हरच्या पोर्टवरचे सगळे तिथेही येईल असे केले, त्याला माझा लॅपटॉप जोडला आणि शाखेला उतारा मागायला सांगितले. दोन मिनिटांत दिसले. छोटी पॅकेट जात-येत होती. उताऱ्याचे मोठे पॅकेट सर्व्हर पाठवत होता, पोच येत नव्हती, तो पुन्हा पाठवत होता, पुन्हा पोच नाही. शाखेची लाइन पीपीपीओईवर होती. ते 1500 बाइटांतले 8 स्वतःला घेते. त्यावर पुरवठादाराचा टनेल, तो आणखी काही बाइट खातो. पॅकेट मावत नव्हते, आणि "मावत नाही, लहान कर" असा निरोप घेऊन परतणारे आयसीएमपी पॅकेट वाटेतल्या एका फायरवॉलने अडवले होते. पिंगचे पॅकेट इवलेसे, ते मजेत जात होते. म्हणजे दोन्ही बाजू खरे बोलत होत्या आणि ताईंच्या पुढची रांग हलत नव्हती. टनेलचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात किती मजकूर भरायचा ती मर्यादा, कमी केला, काम झाले. कॅप्चर नसते तर कदाचित त्यांनी नवी लाइन विकत घेतली असती, आणि तीही पीपीपीओईवरच.

त्यातले एक सांगायचे राहिले. त्या कॅप्चरमध्ये मी प्रत्येक पॅकेटचे पहिले 96 बाइट घेतले होते, आणि फक्त त्या शाखेच्या पत्त्याचे. पॅकेटचा आकार, पोच, पुनःप्रेषण, सगळे शीर्षभागात दिसते. उताऱ्यात कुणाची किती शिल्लक, हे मला बघायची गरज नव्हती. काम झाल्यावर फाइल मॅनेजरांच्या देखत पुसली. यात माझा मोठेपणा नाही. पण मी तसे नसते केले तरी मला अडवणारा एकही नियम त्या संस्थेत नव्हता.

गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांचे प्रकरण आठवत असेल. रस्त्यांचे फोटो काढत हिंडणाऱ्या त्या गाड्यांनी 2010 पर्यंत अनेक देशांत लोकांच्या घरातल्या उघड्या वायफायवरून जाणारा मजकूरही उतरवून घेतला होता. वायफायची ठिकाणे नोंदवायला शीर्षभाग पुरला असता. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाचा अहवाल 2012 मध्ये आला, त्यात दिसले की मजकूर घ्यायचा हे एका अभियंत्याने आपल्या आराखड्याच्या कागदात लिहिले होते आणि तो कागद सहकाऱ्यांना पाठवलाही होता. वरच्यांचे म्हणणे, आम्ही तो वाचलाच नव्हता. दंड झाला 25,000 डॉलर, तोही चौकशीत आडकाठी केल्याबद्दल. म्हणून नुसते लिहून भागत नाही, ज्याच्या सहीने ते होणार त्याने ते वाचलेही पाहिजे. मी आता संस्थांना पानभरापेक्षा मोठा कागद देत नाही.

त्या पानावर काय असते? सभासदांची माहिती ज्या यंत्रांवर आहे आणि ज्यांचा पत्ता ठरावीक आहे, त्यांवर पॅकेट सॉकेट बंद. कर्नल नव्याने बांधणे प्रत्येकाला जमत नाही, ते मला कळते. दर सुरक्षा-अपडेटला ते काम पुन्हा करावे लागते आणि न केलेले अपडेट हे उघड्या कानापेक्षा वाईट. तिथे सिस्टमडीमधून एकेका सेवेला ॲड्रेस फॅमिली नाकारता येते, कॅप-नेट-रॉ हा अधिकार काढून घेता येतो. तेवढे तरी करा. कान असलेले यंत्र नेटवर्कवर एकच, वेगळे, मिररच्या पोर्टला जोडलेले, आणि एरवी बंद. ते चालू करायचे तर दोघांची परवानगी. पतसंस्थेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतातच, त्यामुळे हे समजावायला मला वेळ लागत नाही. काय शोधायचे, किती बाइट घ्यायचे, फाइल कधी पुसायची, हे आधी लिहायचे. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक लिनक्स यंत्रावर प्रॉक-नेट-पॅकेट ही फाइल उघडून बघायची. त्या क्षणी कोणती पॅकेट सॉकेट उघडी आहेत ते तिथे दिसते, आणि प्रत्येकापुढच्या इनोड क्रमांकावरून ते कुणी उघडले हे शोधता येते. डीएचसीपीचा क्लायंट दिसला तर ठीक. भलतेच काही दिसले तर मला फोन करा.

"सरकारचाच नियम आहे ना, सगळं साठवा म्हणून?" हा प्रश्न ऑडिटनंतर हटकून येतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या 28 एप्रिल 2022च्या निर्देशांनी लॉग 180 दिवस ठेवायला आणि सायबर घटना सहा तासांत कळवायला सांगितले आहे. लॉग म्हणजे नोंदी : कोण आले, कधी आले. पॅकेटचा मजकूर साठवा असे त्यात नाही. तसे करायचे म्हटले तर 100 एमबीपीएसची लाइन दिवसभर भरून वाहिली की एका दिवसाचा 1 टीबीहून थोडा जास्तच साठा होतो. गुणाकार तुम्हीच करा. तरी एक पुरवठादार "कम्प्लायन्स"च्या नावाखाली अख्खे कॅप्चर साठवणारे यंत्र एका लहान संस्थेच्या गळ्यात मारायला निघाला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 43वे कलम मालकाच्या किंवा प्रभारी माणसाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमधून माहिती उतरवायला मनाई करते. परवानगी कुणाची, तर नेटवर्कच्या मालकाची. ज्या सभासदाची माहिती त्या तारेतून जाते त्याचे नाव या कलमात नाही. 2023च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने त्याला काही हक्क दिले आहेत, पण आपल्या पतसंस्थेच्या सर्व्हरला कान आहेत की नाहीत हे विचारायचे कुठे, हे त्याला कोण सांगणार? सर्वसाधारण सभेत विचारावे, असे मी सुचवते. लाभांशाचा विषय संपल्यावर लोक उठायच्या आत.

आणि निविदा काढताना आणखी एक ओळ घाला. सर्व्हर असो, फायरवॉल असो की कॅमेऱ्याचा डीव्हीआर, लिनक्सवर चालणारे कोणतेही यंत्र देणाऱ्याने त्याच्या कर्नलची कॉन्फिगरेशन फाइल द्यावी. लिनक्सचा कर्नल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्यात सोर्स म्हणजे नुसता कोड नाही, बांधणी ज्या स्क्रिप्टनी होते त्याही मोडतात, त्यामुळे ही मागणी आगाऊपणाची नाही. अशाने छोटे पुरवठादार पळून जातील, अशी शंका मागच्या महिन्यात एका संचालकांनी काढली. ती फाइल दोन-तीनशे केबीची आहे. बहुतेक सर्व्हरवर ती बूट नावाच्या फोल्डरमध्ये आधीपासून पडलेली असते, आणि कॉपी करायला पेनड्राइव्ह मी देते.